परवळाच्या मांडवाला उधन्याचा दोरा

सुरतेला चालले म्हटल्यावर गावात ज्याने त्याने एकच विचारलं, "कोणत्या लूमवर?"

त्यात त्यांचं काही चुकलं नाही. आमच्या साक्री तालुक्यात सुरत म्हणजे कापड. जवळपास घरटी एक माणूस तिथे साडीच्या नाहीतर धाग्याच्या कामात असतो. मी सांगायचे, "लूमवर नाही, शेतावर चालले." मग ऐकणारा माझ्याकडे नीट बघायचा. शेत सोडून सुरतेला जाणारे सगळ्यांनी पाहिलेत, शेतासाठी सुरतेला जाणारी मीच निघाले होते.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी. कृषी. हे मी जिथे तिथे सांगते. आईने त्यासाठी दुसऱ्यांच्या वावरात कांदे निंदले आहेत, तेव्हा लपवायचं कशाला? सुरतेच्या पूर्वेला भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचा एक गट आहे. बी-बियाणं, रोग-कीड, लागवड हे बघायला त्यांना हंगामभरासाठी एक कृषी पदवीधर हवा होता. मी अर्ज केला, त्यांनी बोलावलं. संक्रांतीनंतर निघाले, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी परत आले. त्या मधल्या दिवसांचं हे लिहिते आहे.

उधना

नंदुरबारहून गाडी नवापूर, व्यारा, बारडोली, चलथाण करत उधन्याला येते. प्रवासाचं सांगण्यासारखं एवढंच. उधन्याला भिला मामाची खोली. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वीस-बावीस वर्षं लूमवर, बहुतेक रात्रपाळी. मामी लेकीच्या बाळंतपणासाठी गावी गेलेली, त्यामुळे मामा एकटाच होता.

"उनी का वं भाची? बठ," म्हणाला आणि चहाचं आधण ठेवलं. त्याच्या केसांत, भुवयांत, कानांच्या पाळीवरसुद्धा धाग्याचा कोंडा बसलेला. आम्ही लहान असताना हा गावी आला की आम्हाला वाटायचं, मामा म्हातारा झाला.

मी आईने दिलेले तिळाचे लाडू पुढे केले आणि निरोपही सांगितला. तो तिच्याच शब्दांत सांगावा लागतो: "भाऊ सुरतले कापड इनस, पन माले कधी एक दोरा धाडा नै."

मामा लाडू चावत म्हणाला, "तिले सांग, दोरा मालकना शे." मग दुसरा लाडू घेत, "राखीले जाईन तधळ दखू."

खोलीबाहेर पत्र्याचं छप्पर. त्याखाली शेजारच्या रामसेवकजींचा निळा प्लास्टिकचा ड्रम होता, मातीने भरलेला, त्यातून वाळक्या काड्या वर पत्र्यावर गेलेल्या. रामसेवकजी बिहारचे, कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला. मला वाटलं, मेलेला वेल आहे, टाकायला वेळ झाला नसेल. त्या काड्यांकडे मी तेव्हा दुसऱ्यांदा बघितलंही नाही.

चलथाणच्या पुढे

चलथाण सोडलं की साखर कारखान्याचा वास मागे मागे येतो, गूळ करपल्यासारखा. मग दोन्ही बाजूंना ऊस. ऊस मी पाहिलेला नाही असं नाही, पण आमच्याकडे उसाचं वावर असतं. इथे रस्ता उसातून जातो. माझ्या दुप्पट उंच हिरव्या भिंती, आणि मध्येच एखादी भिंत तुटलेली असली की पलीकडे एकदम आकाश दिसतं.

मला खरं थांबवलं ते कालव्याने. बसमधून उतरले आणि गावच्या वाटेवर कालवा लागला. काठोकाठ पाणी, वेगात चाललेलं, बघणारं कोणी नाही. एक बाई काठावर बसून भांडी घासत होती आणि तिचं लक्ष मोबाइलवरच्या गाण्याकडे होतं. आमच्याकडे त्याच महिन्यात विहिरीत दोर किती खाली जातो याची रोज चर्चा असते. मी बॅग खाली ठेवली आणि कालव्यात हात घातला. तापीचं पाणी. आमच्या खानदेशातून वाहत गेलेलं, उकाईच्या धरणात साठलेलं, आणि इथे कालव्या-कालव्यांनी पसरलेलं. रागही आला असेल थोडा, पण जास्त करून मी नुसती बघत राहिले. एवढं पाणी इतक्या मुकाट्याने कामाला जाताना मी कधी पाहिलं नव्हतं.

माझी राहायची सोय रमीलाबेनच्या घरी केली होती. पन्नाशीच्या आसपासची बाई, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालून शेतात जाणारी. नवरा ठाकोरभाई, उंच, आवाज मोठा. इकडे बाई म्हणजे बेन आणि पुरुष म्हणजे भाई. आमच्याकडे समोरचा अण्णा की आबा की दादा हे वय बघून ठरवावं लागतं, इथे ती कटकट नाही. पहिल्याच दिवशी माझ्यापेक्षा तिप्पट वयाचे आजोबा मला "ज्योतीबेन" म्हणाले तेव्हा मात्र मी ओशाळले.

दुसरं म्हणजे शिव्या. सुरती माणूस शिवीशिवाय वाक्य पुरं करत नाही, आणि त्यात राग नसतो. ठाकोरभाई बैलाला, मोटारीला, मोबाइलच्या रेंजला आणि स्वतःच्या चपलेलाही शिवी देत, आणि मी दिसले की लगेच "माफ करजो, बेन". महिन्याभरात ती माफीही वाक्याचाच भाग झाली.

पहिल्या रविवारी त्यांनी उबाडियुं केलं. मडक्यात पापडी म्हणजे वालाच्या शेंगा, रताळी, कंद, बटाटे, हिरव्या लसणाचं वाटण लावून भरायचे, तोंडाला एका रानपाल्याची जाड घडी कोंबायची, आणि मडकं उपडं ठेवून भोवती आग लावायची. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मी मनात म्हटलं, हे करपणार. मडकं फोडल्यासारखं उघडलं तेव्हा वाफेबरोबर पाल्याचा असा वास आला की सगळे पुढे सरकले. आपल्याच रसात शिजलेली पापडी शेंगेसकट खायची, वर ताक. खानदेशी माणसाला भरिताचा अभिमान असतो, मलाही आहे. तरी त्या दिवशी मी भरिताचं नाव काढलं नाही.

मांडव

गटातल्या बाकीच्यांची भेंडी, वांगी, मिरची, पापडी. ती कामं मला येत होती आणि मी ती चांगली केली. भेंडीवरच्या तुडतुड्यांसाठी लोक भारी औषधं मारत होते, ती मी निम्म्यावर आणली आणि भेंडी तरी टिकली. हे मी सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी फक्त जेवायला गेले होते.

परवळ मात्र सगळ्या गावात एकट्या रमीलाबेनकडे होतं. परवळ म्हणजे तोंडल्याची मोठी बहीण समजा. बोटभर लांब, दोन्हीकडे निमुळतं, अंगावर पांढरट पट्टे. वेल मांडवावर चढवतात आणि वर्षानुवर्षं ठेवतात. कालव्याच्या कडेची एक पट्टी ठाकोरभाईंनी बायकोला दिली होती, "यात तुझं चालव" म्हणून. तिथे तिने बांबू आणि तारेचा मांडव घातला होता. बाजूला त्यांचाच ऊस.

"बेन, तुम्ही शिकलेल्या आहात, जरा बघा," ती एक दिवस म्हणाली. (तिचं गुजराती मी मराठीत लिहिते आहे.) "फुलं एवढी येतात की मांडव पांढरा होतो. मागून शेंगदाण्याएवढं फळ धरतं, पिवळं पडतं, गळतं. दोन वर्षं झाली. तोंडात घालायला एक परवळ नाही."

वेल आले होते तिच्या माहेरहून. तिच्या बापाचं परवळ त्या भागात प्रसिद्ध होतं. बाप गेला, भावांनी जमीन विकली, तिथे आता गोदामं उभी आहेत. विकण्याच्या आधीच्या हंगामात ही तिथे जाऊन राहिली, एकेक वेल पाहिला, सगळ्यांत लगडलेल्या वेलांना खूण केली आणि फक्त त्यांचेच तुकडे आणून इथे लावले. "वांझ वेल एकही नाही आणला," ती म्हणाली. "बापाचा माल, मग चांगलाच आणणार ना."

गावात ज्याचं त्याचं निदान वेगळं. कोणी म्हणे पाणी जास्त, कोणी म्हणे नजर. जावेने मांडवाच्या खांबाला लिंबू-मिरची बांधली होती. ठाकोरभाईंचं निदान सरळ होतं.

"ऊस लावायचा आणि विसरायचं. कारखाना येऊन घेऊन जातो," ते म्हणाले. "हा बाजूचा ऊस तुटला की ट्रॅक्टर येणार आहे. त्याच फेरीत मांडव काढू. फुलं बघून पोट भरतं का, बेन?"

रमीलाबेनने भाकरी उलटली आणि जरा जोरात दाबली.

फेब्रुवारी सरताना कळ्या आल्या. परवळाचं फूल संध्याकाळ उलटली की उमलायला लागतं आणि सकाळी ऊन चढेपर्यंत ताजं असतं. मी पहाटे मांडवाखाली शिरले. वर पाहिलं आणि काय बघायला आले तेच विसरले. पांढरी, काठाला सुताची झालर काढल्यासारखी फुलं, जिथवर नजर जाते तिथवर, आणि मधून फटफटणारं आकाश. कॉलेजात परवळावर आम्हाला एक पान होतं. त्या पानात हे नव्हतं.

पण एक गोष्ट त्या पानात होती. परवळात नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. मादीच्या फुलाखाली जन्मापासून एक बारकी गाठ असते, तेच पुढे फळ. नराच्या फुलाखाली नुसता देठ. मी फूल उलटून पाहायला लागले. गाठ. गाठ. गाठ. रांग संपली, दुसरी धरली. गाठच. ऊन चढेपर्यंत सगळा मांडव पाहिला, बिनगाठीचं एक फूल सापडलं नाही.

लगडलेला वेल मादीच असणार. बाईने निवडून निवडून फक्त माद्या आणल्या होत्या. आळशी माणसाने डोळे मिटून तुकडे आणले असते तर चार नर आपोआप आले असते.

मी तिला फूल दाखवलं, सगळं सांगितलं. ती गाठीवरून अंगठा फिरवत राहिली. "म्हणजे बापाच्या शेतात बांधावर जे वांझ होते..."

"ते वांझ नव्हते."

"ते आम्ही सरपणाला उपटायचो," ती म्हणाली. "दर वर्षी. आणि दर वर्षी बाप ओरडायचा, दोन-चार राहू द्या. का, ते त्याने कधी सांगितलं नाही."

पत्र्यावरचा वेल

आता नर आणायचा कुठून? गटातल्या सगळ्यांना फोन केले. बारडोलीकडच्या एका बागवाल्याने सांगितलं, "नर कोण ठेवतो? जागा खातो."

रविवारी मामाकडे गेले आणि जेवताना ही रडकथा सांगितली. मामा म्हणाला, "परवळ? ते तर त्या रामसेवकना पत्रावर शे. पाऊसमा वाटीभर भाजी धाडस तो."

मी हात न धुताच बाहेर आले. ज्याला मी मेलेला समजले होते तो वेल पत्राभर हिरवा झाला होता. मामा ओरडत होता, पत्रा मोडेल, उतर. मी स्टुलावर उभी राहून कळ्या उलटत होते. एका बाजूच्या कळ्यांना गाठ. दुसऱ्या बाजूच्या कळ्या नुसत्या देठावर.

रामसेवकजी बनियनवर बाहेर आले. मी विचारलं, यात नर आहे ना?

"रहेगा काहे नहीं," ते म्हणाले. "बिना नर के परवल होता है क्या? लोग उखाड़ देते हैं, हमारे गाँव में भी. हम दोनों लाए थे, गमछे में बाँधकर." मग माझ्याकडे बघून, "आपको किसलिए चाहिए, बिटिया?"

मी सांगितलं. ते म्हणाले, फुलं हवी तेवढी घेऊन जा, आणि हंगामात वेलाचे तुकडेही देईन. बदल्यात एकच: परवळ धरलं तर त्यातलं चाखायला द्यायचं. "देखें तो, सूरत की मिट्टी में कैसा लगता है."

त्या दिवशी माझी फजिती झाली ती अशी. फुलं जपून नेली पाहिजेत म्हणून उमलायच्या बेतातल्या कळ्या तोडल्या, प्लास्टिकच्या पिशवीत भरल्या, तोंड घट्ट बांधलं आणि शेवटच्या बसने गावी आले. सकाळी रमीलाबेनसमोर पिशवी उघडली तर आत उकडलेल्या भाजीसारखा लगदा. ती पिशवीत बघून म्हणाली, "नवरदेव रस्त्यातच गेले." आणि मग आम्ही दोघी हसलो, ती जरा कमी.

कारण ऊसतोड मांडवाजवळ येत होती. तोडणारी टोळी आमच्याच बाजूची निघाली, पिंपळनेरच्या वरच्या डोंगरपट्टीतली. त्यातली सकूबाई मला म्हणाली, "तू कठली?" मी गाव सांगितलं, शिक्षण सांगितलं. तिने कोयता टेकवून मला वरून खाली पाहिलं. "इतली शिकनी अन् आठेच उनी? आम्हीबी आठेच उनूत." शिकून तूही इथेच, न शिकून आम्हीही इथेच. टोळीतल्या बाया हसल्या, मीही हसले. मग मी विचारलं, हा फड कधी संपेल? तिने कोयत्याने दाखवलं. रमीलाबेनच्या मांडवाच्या अलीकडे उसाची रुंद भिंत उरली होती, रोज पातळ होणारी.

मामाला फोन केला. त्याची पाळी सकाळी सुटायची तोवर फुलांना उशीर झाला असता. तो म्हणाला, "मी मुकादमले सांगीसन जरासा आधी निंघस. दुसरा माणूस उभा करस." वीस-बावीस वर्षांत मामाने कधी पाळी अर्धवट सोडलेली नाही, हे मला ठाऊक होतं. 

दुसऱ्या दिवशी उजाडताना मोटारसायकल कालव्याच्या वाटेने आली. मामाच्या भुवया पांढऱ्या, पुढ्यात स्टीलचा डबा. डब्यात ओलं फडकं, फडक्यात रामसेवकजींची नर फुलं, जशी वेलावर असतात तशी. माझ्या हातात डबा दिला आणि मांडवाखाली मान वर करून बघत उभा राहिला. बराच वेळ. शेत सोडून गेलेला माणूस.

"इतली फुलं," तो म्हणाला, "अन् एकबी पोर नै."

काम साधं आहे. नर फुलाच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या तोंडाला हलकेच टेकवायचा, गाठ दाबली जाऊ न देता. रमीलाबेनचा हात पहिल्या दोन फुलांतच बसला. जाऊबाई बघायला आली, लिंबू-मिरचीवाली. काय चाललंय ते कळल्यावर पदर तोंडाला लावून म्हणाली, "मांडव आहे, फुलं आहेत, पाहुणा सुरतहून आलाय. गाणी म्हणायला मला बोलवायचं ना." आणि माझ्याकडे वळून, "वेलींची लग्नं लावता, ज्योतीबेन, तुमचं कधी?"

मामा मागून म्हणाला, "तेच तिनी माय इचारस."

कोणत्या फुलाला हात लावला ते कळणार कसं, हा प्रश्न आला. मी खिशात काही सापडतं का बघत होते. मामाने स्वतःच्या शर्टाच्या खिशातून धाग्यांचा गुंता काढला. लाल, मोरपंखी, पिवळा. लूमखाली पडलेला कचरा, तो केरात जायचा असतो. "बांध," म्हणाला. मी आणि रमीलाबेन फूल टेकवत गेलो, मामा मागून देठाला दोरा बांधत आला. त्याची बोटं तुटलेला धागा जोडणारी. माझी एक गाठ होईपर्यंत त्याच्या चार होत.

मामा असा पुष्कळदा सकाळी आला. फूल लावायचं, दोरा बांधायचा, चहा प्यायचा, उधन्याला जाऊन झोपायचं. मांडवाच्या खालच्या अंगाला हळूहळू रंग चढला. वाऱ्याने दोरे हलायचे तेव्हा रमीलाबेन खाली उभी राहून वर बघायची. 

होळी

होळी चार दिवसांवर आली तेव्हा मांडवाशेजारी उसाच्या थोड्याच ओळी उभ्या होत्या. पहिल्या दोऱ्यांखालच्या गाठी हिरव्या राहिल्या होत्या, पिवळ्या पडल्या नव्हत्या. पण शेंगदाण्याएवढ्याच. एवढ्यावर ठाकोरभाई ऐकणार नाहीत हे आम्हा दोघींना कळत होतं. ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी सांगून ठेवलं होतं.

आणि एका सकाळी फडात कोणी नव्हतं. कोयत्यांचा आवाज नाही, पोरांचं रडणं नाही. पाचटाच्या खोपटांत कुत्रं झोपलेलं. टोळी होळीला गावी निघून गेली होती. टोळीचा मुकादम बांधावर उभा राहून फोनवर ओरडत होता, थोडाच ऊस राहिला होता रे, तो तोडून तरी जायचं. ठाकोरभाईंनी त्याला, टोळीला, होळीला आणि फोन कंपनीला शिव्या दिल्या. "माफ करजो, बेन."

आमच्याकडच्या डोंगरातला माणूस होळीला घरी जातोच. कारखाना थांबो, मुकादम रडो, तो जातो. ही गोष्ट मला लहानपणापासून माहीत होती आणि ऐनवेळी मी ती साफ विसरले होते. उसाच्या त्या ओळी उभ्याच राहिल्या. गावात होळी पेटली, लोकांनी धाणी म्हणजे लाह्या आणि खजूर वाटले, बायकांनी पाण्याची धार धरून फेऱ्या घातल्या. रमीलाबेनने होळीत नारळ टाकला आणि उसाच्या दिशेने हात जोडले. मी विचारलं, उसाला का? म्हणाली, "उभा आहे ना अजून."

टोळी परत आली तोवर दोऱ्यांखाली परवळं लोंबत होती.

शेवटची ओळ पडली त्या सकाळी ट्रॅक्टर आला. सगळीकडे एकदम उघडं झालं होतं, कालवा मांडवातून दिसत होता. ठाकोरभाई ट्रॅक्टरवाल्याला थांबवून मांडवाकडे आले. इतके दिवस ते बांधावरूनच बोलत. मांडव बायकोच्या उंचीचा, त्यांना वाकून शिरावं लागलं. त्यांच्या केसांत एक लाल दोरा अडकला, त्यालाही शिवी मिळाली.

मग त्यांनी एक पान बाजूला केलं. दोरा, परवळ. पुढचं पान. दोरा, परवळ. तिसऱ्या देठाला दोरा नव्हता, तिथे पिवळी वाळकी गाठ. बोट लावलं तशी गळून पडली. ते रांगेच्या शेवटापर्यंत तसेच वाकून गेले. आम्हाला फक्त त्यांचे पाय दिसत होते. ट्रॅक्टर चालूच होता.

परत आले तेव्हा हातात एक परवळ होतं, कच्चंच चावलेलं.

"रोज पहाटे हे लग्न कोण लावणार?" त्यांनी बायकोला विचारलं.

"नर लावणार आहे मी. शेजारी असला की माश्या-किडे लावतील."

"कुठे लावणार? जागा कुठे आहे?"

रमीलाबेन मांडवाच्या मध्यावर गेली. तिथला वेल तिने खूण करून आणलेल्यांतला, सगळ्यांत जाड. त्याच्या बुडाला हात ठेवून म्हणाली, "इथे." आणि उपटला. दोरे बांधलेली चार परवळं त्याच्याबरोबर खाली आली. तिने ती ओच्यात घेतली, तोंड फिरवलं.

ठाकोरभाईंनी त्या भोकाकडे पाहिलं. मग ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली, "ए, इकडे नको. बांधापर्यंतच मार." आणि घरातून कुदळ आणायला गेले, कारण बायकोने उपटलेल्या जागी खड्डा नीट नव्हता म्हणे.

रामसेवकजींच्या वेलाचे तुकडे मामाने गमछ्यात बांधून आणले. एक मध्ये, बाकीचे रांगांच्या टोकांना. बापाच्या शेतात बांधावर असायचे तसे.

घरी

माझी मुदत संपली तेव्हा रमीलाबेनने तीन पिशव्या केल्या. एक रामसेवकजींना. त्यांनी तिथेच एक परवळ चिरून मिठाबरोबर खाल्लं आणि बराच वेळ चावून म्हणाले, "गाँव वाला नहीं है. लेकिन ठीक है." एक पिशवी मला. एक मामाला, ती त्याने माझ्याच हातात दिली. "बहीणले दे. आखाजीले माले सुट्टी नै."

नर अजून लहान आहेत. त्यांना फुलं येईपर्यंत रमीलाबेन आणि जाऊबाई पहाटे हातानेच काम करतात. फुलांचा डबा आता सुरतेहून बसच्या ड्रायव्हरकडे येतो. परवा जाऊबाईने फोनवर मला सगळं सांगितलं आणि शेवटी तोच प्रश्न विचारला.

आमच्याकडे परवळ कोणी करत नाही. आईने मामाची पिशवी ताटात ओतली. "हाई काय, तोंडले?" म्हणत एकेक उलटं-सुलटं करून पाहिलं. एकाच्या देठाला मोरपंखी दोरा तसाच राहिला होता.

"हाऊ काय शे?"

"मामाच्या लूमचा. त्याने स्वतः बांधलाय."

आईने गाठ नखाने सोडवली. तोडली असती तर लवकर झालं असतं. दोरा सरळ करून उजेडात धरला, मग खिडकीच्या गजाला बांधला आणि विळी पुढे ओढली.

"धाडा बरं भाऊनी," म्हणाली, आणि परवळं चिरायला बसली.